व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुन्हा पुन्हा गायब होतायत? भिशीच्या ग्रुपवर सापडलेली कारणं आणि उपाय

"अगं, माझ्या फोनला काय झालंय बघ. मेसेज कोणीतरी खातंय."

साताऱ्याच्या मावशीचा हा फोन वर्षभरात मला तीनदा आला. मी ठाण्यात, ती तिकडे, आणि मध्ये तिची भिशी. बारा जणी, महिन्याला ₹2,000, म्हणजे जिची चिठ्ठी निघेल तिला ₹24,000. हिशेब पूर्वी लाल पुठ्ठ्याच्या वहीत असायचा. लॉकडाऊनमध्ये बायकांचं भेटणं बंद झालं तेव्हा ग्रुप निघाला आणि वही कपाटात गेली. आता प्रत्येक जण पैसे पाठवून स्क्रीनशॉट टाकते, मावशी त्यावर अंगठा देते. अंगठा म्हणजेच पावती.

पहिल्या वेळी समोरच्या काकूंचा स्क्रीनशॉट गेला. काकू म्हणे टाकला होता, तूच अंगठा दिलास. मावशी म्हणे आलाच नाही, मग अंगठा कुठून देणार. दोघी चाळीस वर्षांच्या मैत्रिणी, पण चार दिवस जिन्यात भेटल्या तरी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

तिन्ही वेळा तक्रार एकच होती, "मेसेज गेले." कारण मात्र प्रत्येक वेळी वेगळं निघालं, आणि पहिल्या वेळचा उपाय दुसऱ्या वेळी चालला नाही. आता ओळखीतल्या आणखी दोन घरांतून हाच प्रश्न आला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मेनूंची नावं इंग्रजी ॲपमधली देते आहे. ॲप मराठीत असेल तर शब्द वेगळे दिसतील, चित्रं मात्र तीच असतात.

आधी विचारा: नक्की गेलं काय?

"सगळं गेलं" हे उत्तर धरू नका. अख्खा ग्रुप किंवा माणूसच यादीतून गेला, की चॅट आहे पण आतले मेसेज नाहीत, की मेसेज आहे पण त्यातला फोटो उघडत नाही? या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. फोनवर बोलताना हे कळायला दहा मिनिटं जातात, म्हणून मी आता सरळ व्हिडिओ कॉल करते आणि समोरच्याला स्क्रीन शेअर करायला लावते. ही सोय व्हॉट्सॲपवर 2023 मध्ये आली. नव्या सोयींवर मी एरवी कुरकुर करते, पण हिला माफी. मावशीचा अंगठा नेमका कुठे पडतो ते दिसतं. फक्त स्क्रीन शेअर करायची ती घरच्या माणसाबरोबर, आणि बँकेचं ॲप बंद असताना. अनोळखी माणसाने कॉल करून "स्क्रीन दाखवा, मी दुरुस्त करतो" म्हटलं की फोन ठेवायचा. त्याला तुमचा ओटीपी वाचायचा असतो.

अख्खी चॅटच दिसत नसेल तर

हे सोपं असतं, पण माणूस घाबरतो सगळ्यात जास्त इथेच.

यादीच्या वर छोट्या गोळ्या दिसतात: "ऑल", "अनरीड", "ग्रुप्स". या एप्रिल 2024 मध्ये आल्या. वर-खाली सरकवताना बोट "अनरीड"वर पडलं की वाचलेल्या सगळ्या चॅट यादीतून दिसेनाशा होतात आणि दोन-तीनच उरतात. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी याच कारणासाठी फोन दुकानात नेला होता. दुकानदाराने "सॉफ्टवेअर मारावं लागेल" म्हणून सांगितलं. "ऑल" दाबलं, काम झालं.

तसं नसेल तर यादीच्या अगदी वर "आर्काइव्हड" अशी ओळ आहे का ते बघा. आयफोनवर चॅट डावीकडे सरकवली की "आर्काइव्ह" समोर येतं, अँड्रॉइडवर दाबून धरलं की वर खोक्यात बाण असलेलं चित्र येतं. चुकून दाबलं जाणं दोन्हीकडे शक्य आहे. पूर्वी नवा मेसेज आला की अशी चॅट आपोआप वर यायची. 2021 पासून ती तिथेच बसून राहते, मेसेज आला तरी. म्हणून "तिने महिनाभर मला काही पाठवलंच नाही" हा गैरसमज होतो. मेसेज आलेले असतात, ते आर्काइव्हमध्ये पडून असतात.

तिसरी जागा "लॉक्ड चॅट्स". 2023 मधली सोय. यादी बोटाने खाली ओढली की कुलपाची ओळ दिसते. कोणी तिला गुप्त कोड लावून ती ओळही लपवली असेल, तर तो कोड वरच्या शोधाच्या चौकटीत टाकल्याशिवाय ती दिसणार नाही. हे मावशीच्या वयाच्या फोनवर क्वचित घडतं. नातवाच्या हातात फोन असेल तर घडतं.

चॅट आहे, मेसेज नाहीत

इथे थांबायचं आणि नीट बघायचं.

मेसेजच्या जागी "धिस मेसेज वॉज डिलीटेड" अशी तिरकी ओळ असेल तर तो पाठवणाऱ्याने किंवा ग्रुप अ‍ॅडमिनने सगळ्यांसाठी काढलेला आहे. पाठवणाऱ्याला हे साधारण अडीच दिवसांपर्यंत करता येतं. फोनचा यात काही दोष नाही, भांडण माणसाशी आहे.

पण अशी कोणतीच ओळ नसेल, जुने मेसेज जागच्या जागी असतील आणि एका तारखेनंतरचेच तेवढे साफ असतील, मधे काही खूण नाही, खिंडार नाही, तर तो टायमर आहे. "डिसअपिअरिंग मेसेजेस". मावशीच्या तीनपैकी दोन वेळा हेच होतं.

ही सोय नोव्हेंबर 2020 मध्ये आली. तेव्हा मेसेज सात दिवसांनी जायचे. 2021 च्या डिसेंबरमध्ये 24 तास आणि 90 दिवस हे दोन पर्याय जोडले गेले, आणि सोबत एक "डिफॉल्ट" टायमरही आला, त्याबद्दल पुढे सांगते. टायमर सुरू असलेल्या चॅटमध्ये पाठवलेला प्रत्येक मेसेज मुदत संपली की सगळ्यांच्या फोनवरून जातो, कोणी वाचला की नाही वाचला याचा संबंध नाही. पंधरा दिवस गावाला गेलात, नेट बंद होतं, आणि टायमर सात दिवसांचा होता, तर परत आल्यावर ते मेसेज तुम्हाला चॅटमध्ये मिळत नाहीत.

टायमर आहे की नाही हे ओळखायच्या दोन खुणा. एक, त्या माणसाच्या किंवा ग्रुपच्या गोल फोटोवर कोपऱ्यात घड्याळासारखं बारीक चिन्ह असतं. बारीक म्हणजे खरंच बारीक, मावशीला चष्मा लावूनही दिसलं नाही. दोन, चॅटमध्ये वर सरकवत गेलात की मधोमध एक फिकट ओळ मिळते. कोणी टायमर सुरू केला आणि मेसेज किती वेळाने जाणार, ते त्या ओळीत नावासकट लिहिलेलं असतं. ही ओळ बहुतेक लोक वाचत नाहीत, कारण "अमकी ग्रुपमध्ये आली", "तमकीचा नंबर बदलला" या ओळीही तशाच दिसतात. डोळ्यांना त्या सोडून द्यायची सवय झालेली असते.

आम्ही ती ओळ शोधली. व्हिडिओ कॉलवर मावशी हळूहळू वर सरकवत होती, संकष्टीचे गणपती, कुणाच्या नातीचा डान्स, गॅस सिलिंडरचा भाव, आणि मग ती ओळ आली. मी म्हटलं, "थांब, मोठ्याने वाच."

तिने वाचलं. नावाच्या जागी "यू" होतं.

"यू म्हणजे?"

"यू म्हणजे तू, मावशी."

पाच सेकंद ती काही बोलली नाही. मग आठवलं. एका रीलमध्ये कोणीतरी सांगत होतं की फोन हॅक होऊ नये म्हणून या पाच सेटिंग आत्ताच्या आत्ता करा. तिने पाचही केल्या होत्या. त्यातली एक ही. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथे "डिफॉल्ट मेसेज टायमर", आणि त्याच पानावर जुन्या चॅटनाही टायमर लावायची सोय. तिने यादीतल्या सगळ्यांवर बरोबरच्या खुणा केल्या. भिशी, बहीण, डॉक्टरांचा दवाखाना, दूधवाला. काम तिने मन लावून केलं होतं, यात शंका नाही.

काकूंचा मेसेज खरा होता, हेही तेव्हाच कळलं. त्यांनी टाकलेल्या स्क्रीनशॉटला दुसऱ्या एकीने रिप्लाय दिला होता आणि त्या रिप्लायच्या डोक्यावर मूळ मेसेजचा तुकडा अजून चिकटलेला होता. मूळ मेसेज मुदत संपून गेला, पण रिप्लाय नंतरचा असल्यामुळे त्याची वेळ अजून भरली नव्हती. तुमच्याकडेही असं भांडण असेल तर आधी रिप्लाय शोधा. आणखी एक रस्ता: कोणी तो मेसेज टायमर नसलेल्या दुसऱ्या चॅटमध्ये फॉरवर्ड केला असेल तर तिथे तो शाबूत असतो.

टायमर बंद कसा करायचा, आणि बंद केल्यावरही मेसेज का जातात

चॅट उघडा. वर नावावर टिचकी मारा. खाली सरकवत "डिसअपिअरिंग मेसेजेस" शोधा, "ऑफ" निवडा. माणसाशी असलेल्या चॅटमध्ये दोघांपैकी कोणीही हे करू शकतो.

मग सेटिंग्ज, प्रायव्हसी, "डिफॉल्ट मेसेज टायमर", आणि तिथेही "ऑफ". हा दुसरा भाग राहिला तर जुन्या चॅट सुधारतात, पण यापुढे सुरू होणारी प्रत्येक नवी चॅट टायमर लागूनच सुरू होते. मावशीने नवा प्लंबर शोधला, त्याने अंदाजपत्रक पाठवलं, आठ दिवसांनी अंदाजपत्रक नाही. प्लंबर म्हणे मी साडेतीन सांगितले होते. ती म्हणे अडीच.

आता महत्त्वाचं. टायमर बंद केल्यावरही मेसेज जात राहतात, आणि इथेच लोक म्हणतात की उपाय चालला नाही. प्रत्येक मेसेजची मुदत तो पाठवला त्या क्षणी ठरलेली असते. नंतर टायमर बंद करा, वाढवा, कमी करा, आधीच्या मेसेजवर काही परिणाम होत नाही. सात दिवसांचा टायमर आज बंद केलात तर पुढचे सात दिवस जुने मेसेज एकेक करून जातच राहणार. 90 दिवसांचा असेल तर तीन महिने. म्हणून "अजून जातायत" असा फोन आला की आधी विचारा, जातायत ते बंद करायच्या आधीचे की नंतरचे?

आधीच्यांपैकी काही वाचवायचे असतील तर तो मेसेज दाबून धरा, बुकमार्कसारखं चिन्ह येतं, ते दाबा. याला "कीप इन चॅट" म्हणतात, 2023 मध्ये आलं. मेसेज राहतो, पण त्यात एक मेख आहे: ज्याने पाठवला त्याला हे कळतं, आणि तो नको म्हणू शकतो. त्याने एकदा नको म्हटलं की तो मेसेज पुन्हा कोणालाच ठेवता येत नाही. हे मला न्याय्य वाटतं, तरी भिशीत गैरसोयीचं आहे. पिन करणं म्हणजे ठेवणं नव्हे, हेही सांगून ठेवते. पिन म्हणजे मेसेज ठरावीक काळ वर टाचून ठेवणं, एवढंच.

दुसऱ्यांदा का झालं

पहिली दुरुस्ती मी श्रावणात केली होती. दिवाळीच्या तोंडावर पुन्हा फोन. यावेळी मावशीने स्वतःच ती फिकट ओळ शोधून ठेवली होती आणि आवाजात विजय होता. "यू नाहीये. दुसरीचं नाव आहे!"

कारण ग्रुपमध्ये, अ‍ॅडमिनने वेगळं काही ठरवलं नसेल तर, कुठलाही सदस्य टायमर लावू शकतो. बारा जणींपैकी एकीच्या मुलाने आईचा फोन सतत भरतो म्हणून तिच्या सगळ्या ग्रुपना 24 तासांचा टायमर लावून दिला. त्याला वाटलं, फक्त आईच्या फोनवरचं साफ होईल. टायमर चॅटचा असतो, फोनचा नसतो. त्याने आईची जागा वाचवली आणि अकरा बायकांचा हिशेब उडवला.

(फोन भरतो हे दुखणं खरं आहे, पण त्याचं औषध वेगळं. सेटिंग्ज, "स्टोरेज अँड डेटा", "मॅनेज स्टोरेज". तिथे मोठे व्हिडिओ आणि वारंवार फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या काढून दाखवतात, निवडून पुसता येतात. शेजारीच "मीडिया ऑटो-डाउनलोड" आहे. मोबाइल डेटावर आणि वायफायवर, दोन्हीकडचं व्हिडिओसमोरचं बरोबर काढून टाका. सुप्रभातच्या गुलाबांची निम्मी आवक तिथेच थांबते.)

ग्रुपवर कायमचा उपाय अ‍ॅडमिनच्या हातात आहे. ग्रुपच्या नावावर टिचकी, "ग्रुप परमिशन्स", तिथे सदस्यांसाठीचं "एडिट ग्रुप सेटिंग्ज" बंद करा. ग्रुपचं नाव, फोटो, माहिती आणि टायमर, सगळं याच एका बटणाखाली येतं. ते बंद झालं की टायमरला फक्त अ‍ॅडमिन हात लावू शकतो. याची दुसरी बाजू अशी की पिन करणं आणि "कीप" करणंही मग अ‍ॅडमिनकडेच जातं. आमच्या भिशीत मावशी अ‍ॅडमिन, आणि तिला ते आवडलं. तुमच्या ग्रुपवर सहा अ‍ॅडमिन असतील तर आधी ती संख्या कमी करा. ज्याला ग्रुपमध्ये घेतलं त्याला लगेच अ‍ॅडमिन करायची सवय सोसायट्यांच्या ग्रुपना फार असते.

तिसऱ्यांदा: मेसेज होते, फोटो नव्हते

हा प्रकार नवा होता. स्क्रीनशॉट चॅटमध्ये दिसत होते, गॅलरीत नव्हते. मावशी महिनाअखेरीला गॅलरीत बसून एकेक फोटो बघत हिशेब करते, कारण चॅटमध्ये बडबड फार असते. तिच्यासाठी गॅलरीत नाही म्हणजे नाहीच.

2025 मध्ये एक फॉरवर्ड सगळीकडे फिरत होता: मेटा एआय (व्हॉट्सॲपमधलाच प्रश्नांना उत्तरं देणारा एआय) तुमचे ग्रुप वाचतंय, "अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी" नावाची सेटिंग लगेच सुरू करा. ही सेटिंग त्याच वर्षी एप्रिलमध्ये आली होती, ती खरी आहे. फॉरवर्डमधली भीती मात्र फुगवलेली होती. ग्रुपमधल्या मेसेजना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असतं, म्हणजे ग्रुपबाहेरच्या कोणाला ते वाचता येत नाहीत. कोणी मुद्दाम एआयला हाक मारली किंवा एखादा मेसेज त्याला दिला, तर तेवढाच त्याच्याकडे जातो. ती सेटिंग सुरू केल्यावर काय होतं? त्या चॅटमधले फोटो-व्हिडिओ समोरच्यांच्या फोनमध्ये आपोआप साठत नाहीत, चॅट एक्स्पोर्ट करता, म्हणजे फाइल करून बाहेर पाठवता येत नाही, आणि मेटा एआयला त्या चॅटमध्ये बोलावता येत नाही. एआयच्या धास्तीने बटण दाबलं आणि बंद झाली ती स्क्रीनशॉटची आवक.

बघायचं असं: ग्रुपच्या नावावर टिचकी, खाली "अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी". ग्रुपमध्ये खाजगी, नाजूक विषय बोलले जात असतील तर ती सुरू राहू दे, चांगली आहे. भिशीच्या ग्रुपवर बंद केली. "एडिट ग्रुप सेटिंग्ज" आता मावशीकडेच आहे ना, मग ही कुणी सुरू केली, असं मी विचारलं. तिने विषय बदलला.

याच गटातली आणखी तीन कारणं पटकन सांगते. फोटो धूसर दिसतो, टिचकी मारली की "ही फाइल फोनमध्ये नाही" अशा अर्थाची सूचना येते: तर तो फोटो गॅलरीतून किंवा एखाद्या साफसफाईच्या ॲपने पुसला गेलाय. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा फोटो आणि गॅलरीतला फोटो ही दोन नसतात, एकच फाइल दोन ठिकाणी दिसते. गॅलरीत पुसली की चॅटमधूनही गेली. गॅलरीतल्या "ट्रॅश"मध्ये बघा, काही दिवस तिथे असते. दुसरं, फोटो कधी डाउनलोडच केला नाही आणि आता होत नाही: फार दिवस झाले की सर्व्हरवर तो राहत नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगण्याखेरीज इलाज नाही. आणि फोटोच्या जागी वर्तुळात "1" असेल तर तो एकदाच बघायचा म्हणून पाठवला होता. तो बघितलात, संपला.

गेलेलं परत मिळतं का

टायमरने गेलेलं, नाही. बॅकअपमध्ये तो मेसेज असला तरी रिस्टोर करताना मुदत संपलेले मेसेज काढून टाकले जातात. इंटरनेटवर "गायब मेसेज परत मिळवा" म्हणणारी ॲप्स दिसतील. ती तुमच्या फोनवरच्या सगळ्या सूचना वाचायची परवानगी मागतात, म्हणजे त्यात बँकेचे ओटीपीही आले. हात लावू नका. व्हॉट्सॲपच्या जास्तीच्या सोयीवाल्या बनावट आवृत्त्यांचंही तेच. त्या वापरल्या तर खातं बंद होण्याची पाळी येते.

चुकून "क्लिअर चॅट" केलं असेल तर मात्र आशा आहे, आणि घाई हवी. व्हॉट्सॲपचा बॅकअप रात्री दोनच्या सुमाराला होतो. दुपारी चॅट पुसली गेली असेल तर काल रात्रीच्या बॅकअपमध्ये ती अजून आहे. आज रात्री नवा बॅकअप झाला की गूगल ड्राइव्हवरच्या बॅकअपमध्ये ती नसेल. तर आधी सेटिंग्ज, चॅट्स, "चॅट बॅकअप" उघडून शेवटच्या बॅकअपची तारीख-वेळ आणि कुठल्या गूगल खात्यावर तो आहे हे कागदावर लिहून घ्या. तारीख चॅट पुसण्याच्या आधीची असेल तरच पुढे जा: ॲप काढा, पुन्हा टाका, त्याच नंबरने सुरू करा, "रिस्टोर" म्हणा. बॅकअपनंतर आलेले मेसेज यात जातात, ते आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. अँड्रॉइडवर फोनच्या आतही मागच्या सात दिवसांच्या बॅकअप फाइली असतात, पण त्यांची नावं बदलून जुनी परत बसवणं हे घरातल्या जाणत्या मुलाचं काम आहे, फोनवरून सांगायचं नाही. मी एकदा सांगितलं होतं. पुन्हा नाही.

तारीख महिनाभरापूर्वीची दिसली तर बहुतेक गूगलची 15 जीबी जागा भरली आहे. 2024 पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याच 15 जीबीत धरला जातो. पूर्वी तो मोजत नसत. त्यामुळे बॅकअप थांबतो आणि जीमेलही अडतं, आणि घरातल्यांना या दोन गोष्टींचा संबंध सुचत नाही. बॅकअपच्या पानावरचं "इन्क्लूड व्हिडिओज" बंद केलं की आकार बराच उतरतो.

एक छोटी युक्ती, आधी करून ठेवली तरच उपयोगी. अँड्रॉइड 11 आणि पुढच्या फोनवर, फोनच्या सेटिंगमध्ये "नोटिफिकेशन हिस्टरी" असते. ती सुरू असेल तर मागच्या 24 तासांतल्या सूचना तिथे वाचता येतात, मेसेज नंतर डिलीट झाला असला तरी. फोटो दिसत नाही, शब्द दिसतात.

भिशीचं पुढे काय झालं

काकूंच्या ₹2,000 चा निकाल व्हॉट्सॲपवर लागलाच नाही. त्यांनी पैसे यूपीआयने पाठवले होते. त्यांच्या ॲपच्या हिस्टरीत तो व्यवहार होता, बारा आकडी संदर्भ क्रमांकासकट, आणि मावशीच्या पासबुकात त्याच क्रमांकाची ओळ. दोन मिनिटांचं काम, चार दिवसांचा अबोला. आता ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायचा नियम बदलला आहे: स्क्रीनशॉट चालेल, पण खाली क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाइप करायचे. चिठ्ठी निघाली की मावशी चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करते, म्हणजे मी करते, ती मला आठवण करते. लाल पुठ्ठ्याची वहीही कपाटातून बाहेर आली आहे. महिन्याचं पान भरलं की त्याचा फोटो ग्रुपवर जातो.

परवा पुन्हा फोन आला.

"अगं, ते खाली कोपऱ्यात निळं-जांभळं कडं आहे ना, त्यात मी चुकून लिहिलं."

"काय लिहिलंस?"

"काकूंनी पैसे दिले का म्हणून. मला वाटलं ग्रुप आहे."

मेटा एआयची चॅट यादीत वेगळी असते. दाबून धरून डिलीट करता येते, ग्रुपवर त्यातलं काही जात नाही. हे तिला सांगितलं आणि विचारलं, "मग त्याने काय उत्तर दिलं?"

"इंग्रजीत काहीतरी लांबलचक," मावशी म्हणाली. "पण फार नम्र होता बिचारा."